जवळजवळ शून्य

चिपचं डिझाइन कारखान्यात जायच्या आधी ती खात असलेली वीज अजून कमी करा, म्हणून मॅडम महिनाभर आमच्या मानगुटीवर बसल्या होत्या. आज सॉफ्टवेअरने आकडा एकदम जवळजवळ शून्यावर आणला आणि मॅडमनी अख्ख्या मजल्यासाठी केक मागवला.

टाळ्या चालू असतानाच आमचा हेडमास्तर, म्हणजे टीममधला सगळ्यात काटेकोर माणूस, त्यांच्या कानाशी लागला.

"मॅडम, बाहेर जाणाऱ्या वायरी जोडायच्याच राहिल्या माझ्याकडून. सॉफ्टवेअरला वाटलं, ही चिप कुणाच्याच उपयोगाची नाही. त्याने सगळी पुसून टाकली. आत काही म्हणजे काही उरलं नाहीये."

मॅडम सुरी उचलून सगळ्यांकडे बघत छान हसल्या आणि ओठ न हलवता पुटपुटल्या,

"हे तुला केक संपल्यावर सापडलंय."