बोनेटवरचं कुंकू

लटारूभाऊंनी किल्ली फिरवली तशी अंगणातली जुनी गाडी कडकड वाजू लागली. डब्यात खिळे घालून हलवावेत तशी. पौषातली सकाळ, धुकं निवळलं नव्हतं. तुळशीपाशी बसलेल्या इंदुताईंची माळ क्षणभर थांबली.

"होते आता चूप," भाऊ बायकोला म्हणाले.

मिस्त्रीनं सांगितलंच होतं. आतली चेन ढिली झाली आहे, इंजिन थंड असलं की वाजते, तापलं की गप्प. आणि एखाद्या दिवशी तुटली, की गाडी जागच्या जागी बसली.

आवाज थांबला. तरी भाऊंनी गाडी बराच वेळ तापू दिली, मग बंद केली. इंदुताईंनी माळ पुन्हा ओढायला घेतली. आंघोळीपासून पूजा होईपर्यंत त्यांचं रोज मौन असे.

गाडी विकत घ्यायला चैतू आला तो पोंभुर्ण्यापलीकडच्या जंगलातून, मफलर गुंडाळून, कुणाच्या तरी फटफटीवर मागे बसून. लेकीचे दिवस भरत आले होते, दवाखाना लांब. त्यानं आधी बोनेटवर तळहात ठेवला.

"भाऊ, हे तं गरम हाये."

"बाईले देवळात नेलो होतो ना आता."

चैतूनं गाडी चालू केली. कान देऊन ऐकलं. काहीच नाही. बंद करून तो तुळशीकडे वळला.

"बाई, सकाळी थंडीत आवाज करते का जी?"

"तिचं मौन हाये," भाऊ घाईनं म्हणाले. "पूजा होयेपर्यंत बोलत नाई."

चैतूनं चटकन चपला काढल्या, हात जोडले. "माफ करजा बाई, मले काय मालूम! होऊ द्या निवांत. थांबतो मी."

तो पायरीवर टेकला. पूजा तर झालीच होती. वाटीतलं तीर्थ घेतलं की मौन सुटायचं. भाऊ बायकोकडे पाहत राहिले.

मान तर मौनातही हलवता येते. इंदुताईंनी डोळे मिटले आणि माळ पुन्हा पहिल्यापासून धरली.

ती संपली. मग आणखी एक.

ऊन अंगणात आलं तेव्हा चैतू उठला. "निघतो भाऊ. पोर एकटी हाये घरी. अशा देवाधर्माच्या घरी काऊन इतकं पाहाचं?" त्यानं पैसे भाऊंच्या हातात दिले. "फक्त बाईच्या हातचं कुंकू लावून द्या गाडीले."

इंदुताई उठल्या. ओलं कुंकू बोटावर घेऊन त्यांनी बोनेटवर स्वस्तिक काढलं. पत्रा अजून गरम होता, शेवटची रेघ ओढेपर्यंत पहिली सुकली. त्यांचे ओठ हलले. चैतूला वाटलं, मंत्र असेल. त्यानं डोकं वाकवलं.

गाडी वळणाआड गेली.

"झालं. घे तीर्थ, बोल आता," भाऊ म्हणाले.

संध्याकाळी शेजारची ठमाबाई कुंपणापाशी उभी राहून सुनेला सांगत होती, "पाय, शिक काही. दिवसभर शब्द नाई काढला इंदुताईनं. याले म्हणते व्रत!"

तुळशीपाशी तीर्थाची वाटी तशीच होती.