कापशीचं घरटं

कापशी छातीवरचे केस तोंडाने उपटत होती. एक पुंजका उपटायचा, कोपऱ्यातल्या गवतात नेऊन दाबायचा, की लगेच दुसरा. छातीवरची गुलाबी कातडी उघडी पडली होती.

"पिल्लं होणार तिला," पिंजऱ्यासमोर फतकल मारून बसलेली सुताराची बायको म्हणाली. "रानातल्या सशांची पिल्लं केसांसकट, उघड्या डोळ्यांनी जन्मतात. यांची मात्र उघडीवाघडी आणि आंधळी. म्हणून आई स्वतःचे केस अंथरते."

सुतार ऐकत राहिला. बाळ जन्मतःच गेलं, तेव्हापासून बायको एवढं सलग बोलली नव्हती. तिचं मन रमावं म्हणून त्यानेच ही सशीण आणली होती, पिंजराही स्वतःच्या हाताने ठोकला होता. तिचा खुललेला चेहरा बघून त्याचा जीव भांड्यात पडला.

पण नर कुठून आला? हे मात्र त्याने तोंडातून काढलं नाही. कापशीला टोपलीत घालून तो जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे निघाला.

"किती आहेत विचारून ये," बायकोने मागून सांगितलं.

डॉक्टरीणबाईंनी कापशीचं पोट चाचपलं. "आत काही नाही. सशिणीचं होतं असं कधी कधी. शरीराला वाटतं, पिल्लं आहेत. दूधसुद्धा उतरतं."

सुताराने मान खाली घातली. पाजायला कुणी नसताना दूध उतरलं की काय होतं, ते त्याने घरात पाहिलं होतं.

"घरटं मात्र मोडू नका," त्या म्हणाल्या. "मोडलंत तर बिचारी पुन्हा पहिल्यापासून केस उपटत बसेल. थोड्या दिवसांनी तिचं तिलाच कळतं. मग आपणहून सोडते."

तो घरी परतला. बायको दारातच उभी होती.

"एकही नाही," तो म्हणाला. मग डॉक्टरीणबाईंचं सगळं बोलणं त्याने एका दमात सांगून टाकलं. तिला रडू फुटेल म्हणून जवळ सरकला.

ती रडली नाही. तिने कापशीला टोपलीतून काढून घरट्याशी सोडलं. कापशी लगेच गवत सारखं करायला लागली. बायको पिंजऱ्यासमोर बसली.

"घरटं मोडायचं नाही म्हणाल्या?"

"हो. तिचं तिला सोडू द्यायचं."

"मग मी दवाखान्यातून यायच्या आत तू पाळणा का मोडलास?"