राजम्यापासून पोह्यांपर्यंत

प्राजक्ताताई मंगळाचं अंतर स्वयंपाकावर मोजायच्या. मुलगा शर्विल तिकडे नोकरीला होता. त्याला प्रश्न विचारला की त्या गॅस पेटवायच्या, आणि उत्तर येईपर्यंत जे शिजेल ते अंतर. मंगळ सूर्यापलीकडे गेला की घरात राजमा व्हायचा. जवळ येऊ लागला की भात, मग पिठलं.

आज मंगळ सर्वांत जवळ होता, म्हणून पोहे.

"परत येतोस का रे?" त्यांनी विचारलं. दोन वर्षांत हे विचारलं नव्हतं, कारण राजमा शिजेपर्यंत नकाराची वाट बघवली नसती.

मोहरी तडतडली, कांदा पडला. नवरा केदार खिडकीतल्या तांबड्या ठिपक्याकडे बघत म्हणाला, "आत्ता पोचला असेल प्रश्न."

प्राजक्ताताईंचं उलथनं थांबलं. त्यांचा आवाज साडेपाच कोटी किलोमीटर गेला होता, आणि कांदा अजून गुलाबीसुद्धा झाला नव्हता.

"हलव, करपेल," केदार म्हणाला.

त्यांनी पोह्यांवर झाकण ठेवलं, तेवढ्यात स्पीकर खरखरला.

"येतोय, आई. यान पुढच्या आठवड्यात सुटतंय, सात महिने लागतील. पोहे झाकून ठेव."

प्राजक्ताताईंनी गॅस बारीक केला.