टिटवीची पारख

टिटवी ओरडली आणि शिपाई झिपरू बंदूक घेऊन ताडकन उठला.

"बस खाली!" रुपचंद हवालदार खेकसला. "टिटवी आहे ती. ती बघ, पाणथळीत. पिवळे लांब पाय, डोळ्यापुढं लाल कातडी. जवळ अंडी असतील म्हणून बोंबलतेय. लहानपणापासून बघतोय मी त्यांना."

सांगत होता खरा, पण त्याचाही जीव थाऱ्यावर नव्हता. बेचाळीसचं साल. तारा तोडून फरारी झालेला लीलाधर आज सासुरवाडीच्या याच घाटावरून तापी ओलांडणार, अशी पक्की खबर होती. पलीकडे सातपुडा, मग कसला सापडतोय हाताला! साहेबानं बजावलं होतं, निसटला तर दंडावरच्या फिती काढून ठेव. दहा वर्षं झिजून मिळवलेल्या फिती! घाटावर नाव एकच, समोर खुंट्याला बांधलेली.

लीलाधरची सासू शेवंताबाई तिथंच घागर भरत होती.

"काय अक्का, जावई येतोय म्हणे?" रुपचंदनं हटकलं.

"कोन जवाई?" म्हणत तिनं घागर डोक्यावर घेतली आणि गावाकडे चालती झाली.

दिवस कलला. रुपचंद उठे, चार पावलं टाके, पुन्हा बसे. तेवढ्यात परत टिटवी ओरडली. या खेपेला मागून, नाल्याच्या अंगानं.

"टिटवीच शे, दादा," झिपरू बसल्या जागेवरून म्हणाला.

रुपचंदनं कान टवकारले. "अरे लेका, आवाज वरून येतोय, त्या निंबातून. टिटवी कधी झाडावर बसते काय? जमिनीवरचं पाखरू ते! बेटा वर चढून नाववाल्याला खूण करतोय. चल, दोन्हीकडून घेरू!"

दोघं काट्याकुट्यांतून धावत सुटले. निंबाखाली पोचले तर वर पाला हलताना दिसला. रुपचंदला आनंद मावेना.

"उतर खाली, लीलाधर! नाहीतर गोळी घालीन!"

आधी खरचटलेले पाय दिसले, मग खोचलेलं लुगडं. शेवंताबाई खाली उतरली.

रुपचंद चिडून म्हणाला, "अहो अक्का, सारा जन्म नदीकाठी गेला आणि एवढंही कळू नये? टिटवी झाडावर बसत नाही!"

शेवंताबाईनं लुगड्याला लागलेला पाला झटकला आणि त्याच्या खांद्यावरून नदीकडे नीट पाहिलं. नाव मधल्या धारेच्या पलीकडे गेली होती.

"माले माहीत शे, भाऊ," ती म्हणाली. "तुमले बी माहीत शे, म्हनीसनच त झाडवर चढनू."