पाच मार्कांपुरतं

सर अभ्यासाला नेमलेल्या लेखकाच्या कादंबरीची वैशिष्ट्यं सांगत होते आणि वर्ग ती उतरवून घेत होता. समोर कादंबरी उघडून बसलेला मी एकटाच होतो.

निवृत्तीनंतर एम.ए.ला नाव घातलं ते या कादंबरीसाठीच. घर सोडून गेलेली नायिका शेवटी परत का येते? "नवऱ्यावरच्या प्रेमापोटी," मी म्हणायचो. "दुसरं दार उघडं नव्हतं म्हणून," बायको म्हणायची. उभा जन्म आम्ही यावर भांडलो. आता बायकोच नाही. भांडायला कुणीतरी हवं होतं, पण वर्गात तोंड उघडायचा धीर होत नव्हता.

तास संपल्यावर शेजारच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "आजोबा, खरंच वाचलीय ना? मग ती परत का येते, सांगा ना."

नायिकेची पेटी, बंद खिडकी, उंबऱ्यावर थबकलेलं पाऊल, सगळं सांगत सुटलो. बायकोचं म्हणणंही सांगितलं. "तुला काय वाटतं?"

"अहो आजोबा, एवढं नको. पाच मार्कांपुरतं सांगा."

"प्रेमापोटी," मी पुटपुटलो.

तिनं निमूट उतरवून घेतलं. त्या भांडणात मी पहिल्यांदाच जिंकलो.