दाराशी चपला

"सूनबाई आली न्हवं?" रतनबाईंनी दारातूनच विचारलं. हातात ताट होतं. ताटात नारळ, खण, ओंजळभर तांदूळ.

गोरख दचकून उठला. त्याच्या गावची, पासलीची भातकाढणी उरकली, हे त्याला कालच घरून कळलं होतं. घरमालकीणबाईही दिवस मोजत असतील, हे त्याच्या ध्यानात आलं नव्हतं.

भोरच्या कॉलेजात तो तासिका तत्त्वावर इतिहास शिकवत होता. पासलीहून पहिल्या तासाला पोचवणारी एसटी नव्हती, आणि तास बुडवणाऱ्याला पुढच्या वर्षी कोण बोलावणार? भोरात पाच घरांनी एकच सांगितलं, एकट्या बाप्याला खोली देत नाही. सहावं हे घर, भाटघरच्या वाटेवरचं, वस्तीपासून सुटं. इथं त्याच्या तोंडून निघून गेलं, "बायको आहे, गावी भातलावणीला गेलीय." मग बेणणी आली. मग काढणी.

खरी भीती त्याला मालकांची होती. चार महिन्यांत त्याने त्यांना पाहिलं नव्हतं. दिसायच्या त्या दाराशी ठेवलेल्या जाड कातडी चपला आणि दोरीवरचा सदरा. "हळू बोला, मालक झोपल्यात. लई तापट हाएत," बाई म्हणायच्या. तो पाय न वाजवता ये-जा करी. वस्तीवर कुणाशी बोलत नसे. बोललं की लोक बायकोचं विचारतात.

"खालच्या वस्तीवरल्या नूतनला बलावलंय," बाई म्हणाल्या. "वटी ती भरंल. कुठंय सूनबाई?"

नूतन आली की गावभर होणार.

"बाई, मला बायको नाही. लग्नच झालेलं नाही. मालकांना सांगू नका. आठ दिवस द्या, मी निघतो."

ताट कललं. तांदूळ सांडले. बाई दोन पावलं मागे सरकल्या, आणि त्या आपल्याला भ्यायल्यात हे त्याला उशिरा उमगलं. मग आणखी एक गोष्ट उमगली. मालक घरात असताना ओटी भरायला नूतन कशाला?

त्याने चपलांकडे पाहिलं. अंगठ्यात कोळ्याचं जाळं होतं.

तो मागे सरला आणि पार पलीकडच्या भिंतीला टेकून उभा राहिला. बाईंची नजर त्याच्यावरून चपलांकडे गेली.

"सात वर्सं झाली त्यास्नी जाऊन," त्या पुटपुटल्या. "एकल्या बाईनं दुसरं काय करावं, मास्तर?"

वाटेवर बांगड्या वाजल्या. बाईंनी खाली बसून तांदूळ भराभर ताटात वेचले.

"नूतनला म्या सांगते, भात झोडायचं ऱ्हायलंय. सूनबाई पुढल्या म्हैन्यात येतीया." त्या उठल्या. जाता जाता त्यांनी पायाने चपला नीट जोडून ठेवल्या. "आन् हळू बोलत जावा. मालक झोपल्यात."