पहिल्या घराच्या तक्रारी

“ॲपवर दिसतंय ना, सोसायटीतल्या सगळ्या तक्रारी तुमच्याच घरातून आल्यात,” चेअरमन घोलपांनी टिपरेकाकूंना जिन्यातच अडवून सुनावलं.

“अहो, मला ते ॲप उघडतासुद्धा येत नाही,” काकू म्हणाल्या. कुणाचाच विश्वास बसला नाही. शेजारणींनी त्यांच्याशी बोलणं टाकलं.

ॲप बनवणारी अन्विता वरच्याच मजल्यावर राहायची. तिलाही काकूंचाच संशय होता. पण तक्रारी वाचताना एकीपाशी ती थबकली : ‘टिपरेकाकू दिवसभर दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्यावर पहारा ठेवतात.’ स्वतःविरुद्ध कोण तक्रार करेल?

तिने कोड तपासला. तक्रार ज्या घराची, त्या घराच्या नोंदीखाली जायला हवी होती. पण फॉर्म घराचा क्रमांक पुढे पाठवतच नव्हता, आणि बिनक्रमांकाची प्रत्येक तक्रार पहिल्या घराच्या नावावर चढत होती. पहिलं घर काकूंचं होतं.

अन्विताने फॉर्म दुरुस्त केला आणि लॉगिनवरून जुन्या तक्रारी ज्याच्या त्याच्या घराखाली लावल्या. पहाऱ्याची तक्रार तिच्याच घराखाली आली.

अन्विताने हे सांगितलं तेव्हा आई कणीक मळत होती. “कोणी काय लिहिलं, ते आता सगळ्यांना दिसणार का गं?” तिने मान वर न करता विचारलं.

“हो.”

“माझी तेवढी काढून टाक ना.”

“नाही काढणार. चल, काकूंकडे जाऊ. मलाही माफी मागायचीय.”

आईने कणकेचा गोळा झाकून ठेवला. मग तिने हात धुतले.

“बेल तू वाजव,” ती म्हणाली. “बोलेन मी.”